डावीकडे कललेली सीट

त्याला गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी त्याच्यापेक्षा वरचढ होतो असं सांगायला माझ्यापाशी एवढी एकच गोष्ट आहे.

अमरावतीकडच्या एका आयटीआयमध्ये आम्ही दोघं निदेशक होतो. मी मोटार मेकॅनिकचा, तो शिवणकामाचा. वर्कशॉपची भिंत सामाईक. अलीकडे माझी इंजिनं, पलीकडे त्याच्या शिलाई मशिनी. पोरं मला मोटार सर म्हणत आणि त्याला टेलर सर. आता कोणाही शहाण्या माणसाला विचारा, जुन्या मोटारी शोधून त्यांना पुन्हा उभं करण्याचा नाद या दोघांपैकी कोणाला शोभतो? पण कुठे चांदूरला, कुठे परतवाड्याला एखाद्याच्या गोठ्यात पन्नास वर्षांची गाडी निघाली, की निरोप भिंतीच्या पलीकडे जायचा. वर निरोप आणणारा मलाच विचारायचा, "टेलर सर कुठीसा भेटतीन?"

मला त्याचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही. त्याच्या डब्यातली भाकरसुद्धा मला माझ्या पोळीपेक्षा बरी दिसायची, इथपर्यंत मजल गेली होती. माझी बायको एकदा म्हणाली, "तुमी त्या मानसाचं नाव दिवसातून जितक्यांदा घेता, तितक्यांदा देवाचं घेतलं असतं तं आतापर्यंत पावला असता." मी म्हटलं, मी त्याचं नाव घेत नाही, त्याच्या चुका सांगतो. "मंग त्याच्या चुका तरी तोंडपाठ हाय तुमच्या," ती म्हणाली आणि कणीक मळायला निघून गेली.

तो उंच आणि किडकिडीत होता. गळ्यात कायम टेप. घरी जातानाही तो टेप उतरवत नसे. लग्नात आहेराच्या रांगेतसुद्धा टेप घालून उभा राहायचा. खिशात शिंप्याच्या खडूची चपटी वडी असे. गाडीवर गंज दिसला की त्याभोवती खडूनं रेघ मारायचा, जणू तेवढा तुकडा बेतून कापायचा आहे. माणसाशी बोलताना नजरेनं त्याचं माप घ्यायचा. पहिल्याच भेटीत, नमस्कार नाही चमत्कार नाही, मला म्हणाला, "सर, तुमचा डावा खांदा उतरेल हाय. सदरा शिवसान तं टेलरले सांगजा." त्यानंतर चार दिवस मी खांदा वर उचलून फिरलो आणि मान धरून बसलो.

जुनी गाडी हाती आली की आम्ही मेकॅनिक लोक आधी बॉनेट उघडतो. हा दार उघडायचा. सगळ्या सीटा काढून घरी न्यायचा, महिनाभर व्हरांड्यात मांडून ठेवायचा आणि त्यांच्यावर बसायचा. पेपर तिथंच, चहा तिथंच, लसूण सोलायचा तोही तिथंच. त्याची बायको, आमच्या वैनी, मला एकदा कावून म्हणाल्या, "लोकाइच्या घरी सोफा राह्यते भाऊजी. आमच्या घरी जीप हाय." त्याला विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं. "सर, गाडी डोयानं पाहू नये, बुडानं पाहावं. इंजिन कारखान्यानं बनवलं. सीट मालकानं बनवली."

त्याचा एक कायदा होता. ड्रायव्हरच्या सीटचं वरचं कापड तो नवं शिवायचा, पण आतला काथ्या आणि स्प्रिंगा यांना हात लावायचा नाही. पहिल्या मालकानं वर्षानुवर्षं बसून पाडलेला खड्डा जसाच्या तसा राखायचा. परतवाड्याच्या एका लाकूड ठेकेदाराची जीप त्यानं आणली होती. तिच्या सीटवर पंधरा दिवस बसून तो म्हणाला, "हा मानूस कधी टेकून बसलाच नाई. सदा घाईत होता." मी मोठ्यांदा हसलो. पुढं गाडी तयार झाल्यावर त्या ठेकेदाराचा मुलगा आला, सीटवर बसला, दोन्ही हातांनी तिच्या कडा चाचपल्या. मग म्हणाला, "आमचे बाबा जेवालेही पाठ टेकून बसत नोते हो." मी तिथून उठून पाण्याच्या टाकीकडे गेलो. मला तहान लागलेली नव्हती.

आमच्या प्राचार्यांच्या गाडीतून आवाज यायचा, त्याची गोष्ट तर मी कोणाला सांगत नाही. तीन दिवस मी ती गाडी खोलली होती. चौथ्या दिवशी हा नुसता मागच्या सीटवर बसला, जरा इकडे सरकला, जरा तिकडे सरकला आणि सीटखालून पोळीच्या डब्याचं झाकण काढून साहेबांच्या हातात दिलं. साहेब वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते झाकण दाखवत होते.

शेवटी मीही एक अॅम्बेसेडर घेतली. पुस्तक उघडून, एकेक नट मोजून, नवी कोरी केली. सव्वीस जानेवारीला अमरावतीत जुन्या गाड्या मैदानावर लावल्या होत्या, तिथं माझी गाडी आणि त्याची जीप शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मी पाटी लावली होती, 'हात लावू नये'. त्यानं खडूनं पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'बसून पाहा'. दिवसभर त्याच्या जीपपुढे रांग होती. माझ्या गाडीला टेकून लोक आपली पाळी येण्याची वाट पाहत होते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एका दुपारी डबा खाताना त्यानं मला सांगितलं, की आजवरच्या सगळ्या गाड्या म्हणजे हाताला सवय लागावी म्हणून केलेलं काम; तो खरं म्हणजे एकच गाडी शोधतो आहे.

"माही माय तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातली," तो म्हणाला. "लोकाइच्या वावरात कापूस वेचाले जाये. माह्या वक्ताले थे अडली. तवा आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाईले कोनी आपल्या बैलगाडीतबी बसू देत नोतं. तेल्हाऱ्याले एक डॉक्टरीनबाई होती. तिनं सोताची फियाट काढली, मायले मांगच्या सीटवर निजवलं आन अकोल्याच्या दवाखान्याकडे निंघाली. मी काही अकोल्यापर्यंत थांबलो नाई."

म्हणजे हा माणूस त्या फियाटच्या मागच्या सीटवर जन्मला होता. त्याची आई मरेपर्यंत सांगायची, बाई एका हातानं गाडी हाकत होती आणि डावा हात शेजारच्या औषधाच्या पेटीवर ठेवून होती, बाटल्या फुटू नयेत म्हणून.

"दाखल्यावर जन्माच्या जागी गावाचं नाव लिहेल हाय. थे खोटं हाय, सर. बाई अजून हाय, अकोल्याले भाचीपाशी राह्यते. मले गाडीचं काही कौतुक नाई. बाईनं तिच्यात बसून एकदा म्हनावं, का हेच थे. आपन कुठीसा झालो, थे मानसाले मालूम नोको?"

मी सरकारी दवाखान्यात जन्मलो. कोणत्या खाटेवर, हे विचारायचं मला कधी सुचलंही नव्हतं. त्या दुपारी मला त्याच्या जन्माचाही हेवा वाटला.

आणि ती गाडी त्याला सापडली! तिवशाला एका मंडपवाल्याच्या आवारात, आत भोंगे कोंबलेले, टपावर कनातींची चळत. नंबर बदललेला, कागद उंदरांनी खाल्लेले. पुढची सीट त्या काळच्या पद्धतीनं अखंड, बाकड्यासारखी. त्यानं भोंगे बाहेर काढून तिच्यावर हात फिरवला. ड्रायव्हरच्या जागेचा खड्डा डावीकडे कललेला होता. पेटीवर हात ठेवून वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाचा. तो तिथंच मातीत बसला, असं मंडपवाल्यानं मला नंतर सांगितलं.

दीड वर्ष तो त्या गाडीवर राबला. दर रविवारी माझेच जुने विद्यार्थी येऊन त्याला इंजिन बांधून देत. माझ्याकडे कधी कोणी रविवारचं आलं नाही. गाडी पुरी झाली आणि बाईंना आणायचा दिवस ठरला. बाई चौऱ्याऐंशीच्या, काचबिंदूनं नजर जवळपास गेलेली. त्यामुळे रंग, नंबर, काच, काहीच त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. ओळखणार त्या फक्त बसून. तो आदल्या दिवशी त्यांना आणायला अकोल्याला निघाला आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली. "सर, तेवढे ब्रेक पाहून घेजा. तुमच्यासारखा मानूस नाई." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे काही मागितलं होतं.

मी गाडी आमच्या वर्कशॉपात नेली आणि ब्रेक पाहिले. उत्तम होते. इंजिन चालू केलं, कान लावला. माझ्या हातून इतकं शांत इंजिन कधी झालं नव्हतं. दारं, दिवे, पाना लावावा असं काहीच सापडेना. साऱ्या गाडीत एकच गोष्ट पुस्तकाप्रमाणे चुकीची होती, ती म्हणजे ड्रायव्हरची सीट. मी स्वतःला सांगितलं, म्हातारी बाई, त्या खड्ड्यात बसून कंबर धरेल तिची. हे मी स्वतःलाच सांगितलं, दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्याला ते पटलं नसतं. मी कव्हर उचललं, दबलेल्या स्प्रिंगा काढून नव्या बसवल्या, काथ्याच्या जागी चांगला फोम घातला आणि सीट पाणसळ लावून सपाट केली. जुन्या स्प्रिंगा भंगारात टाकल्या. काथ्या चौकीदाराला दिला, त्यानं त्यावर अंघोळीचा बंब पेटवला. त्याचा कायदा मला ठाऊक होता. बाई कशावरून ओळखणार, तेही ठाऊक होतं. हे सगळं ठाऊक असून मी ते केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. इवलीशी मूर्ती, पांढरं पातळ, हातात काठी. वैनी होत्या, माझे विद्यार्थी होते. त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता, त्यावर टेप. सीट गाडीत बसवल्यापासून तो त्या जागेवर स्वतः कधी बसला नव्हता. ती बाईंची जागा होती. बाई दार चाचपत आत बसल्या. स्टिअरिंग धरलं. डावा हात शेजारी टेकवला. जरा हलल्या, पुन्हा नीट बसल्या. तो दाराला धरून उभा होता.

"नाही रे बाबू," बाई म्हणाल्या. "ही नाही. ही सपाट आहे. माझी गाडी मला बाजूला ओढून घ्यायची."

त्यानं वाकून सीटच्या कडेला हात घातला, बोटांनी आत चाचपलं. मग माझ्याकडे न पाहता हळूच विचारलं, "सर, काथ्या कुठीसा हाय?"

"चौकीदारानं बंबात घातला," मी म्हणालो.

तो सरळ झाला. गळ्यातला टेप दोन्ही बाजूंनी सारखा केला. "नसन बाई," तो बाईंना म्हणाला. "चुकलो मी. तुमाले फुकट तरास देला. चला, चहा घ्या." एवढ्या लोकांत त्यानं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

दोन दिवस तो कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या वर्कशॉपमध्ये आला, गळ्यातला टेप काढला आणि पोरांसमोर माझं माप घेतलं. कंबर, मांडी, कमरेपासून गुडघा. खडूनं हातावर आकडे लिहिले. म्हणाला, "उद्यापासून पाच वाजता घरी येजा. तुमी खड्डा मोडला, तुमीच पाडा. तुमचा डावा खांदा पयलेपासूनच उतरेल हाय."

मला वाटलं डोकं फिरलं याचं. पण गेलो. त्यानं नवा काथ्या आणून, पिंजून, स्वतः गादी बांधली होती. भंगारातून तशाच दमलेल्या स्प्रिंगा शोधून आणल्या होत्या. काथ्यावर पाण्याचा हबका मारला. "ओला काथ्या बसनाऱ्याचं ऐकते," तो म्हणाला. मग मी बाईंच्या जागेवर बसायचं, डावा हात शेजारी उपड्या ठेवलेल्या डब्यावर टेकवायचा, आणि तासभर उठायचं नाही. तो मागच्या सीटवर. गाडी जागची हलत नसे. शेजारची माणसं कुंपणावरून पाहायची. "कुठीसा चालले, सर?" कोणी विचारलं की तो मागून सांगायचा, "अकोल्याले."

पाच महिने मी रोज असा बसलो. या काळात तो मला एकदाच विचारता झाला, "काहून केलं, सर?"

मी डब्यावरचा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला. मग खरं ते सांगितलं. "तुमच्या गाडीत माझं काहीच नव्हतं."

त्यानं विचार केला. "मंग सांगाचं होतं नं," तो म्हणाला. "मांगची डावी खिडकी अजून वर होत नाई."

ब्रेक पाहताना माझ्या नजरेतून सुटलेली ती खिडकी मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली. रात्री घरी जेवताना बायकोनं विचारलं, आज त्याची काही चूक नाही का सांगायची? मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे.

हिवाळा संपता संपता त्यानं बाईंना पुन्हा आणलं. या वेळी कोणाला बोलावलं नव्हतं. बाई बसल्या. स्टिअरिंग धरलं, डावा हात शेजारी टेकवला. मग त्यांचं अंग हळूच डावीकडे कललं आणि तिथंच राहिलं.

"हीच," बाई म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "पण मधल्या काळात कोणी जाडजूड माणूस बसत होता वाटतं हिच्यात."

वैनी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. तो हसला नाही. मागच्या सीटच्या कडेवर हात ठेवून उभा होता आणि टेपच्या टोकानं डोळे पुसत होता. बाईंनी खरोखर ओळखलं, की एका पोराच्या समाधानासाठी त्या म्हणाल्या, मला माहीत नाही. त्याला ते विचारायची माझी छाती झाली नाही. बाई मागे वळून म्हणाल्या, "तुला अकोल्याला पोचवलंच नव्हतं रे मी. तू रस्त्यातच झालास, मायलेकरं ठीक होती, म्हणून मी गाडी माघारी वळवली. चल, राहिलेलं पुरं करू."

आता गाडी चालवणार कोण? बाईंना दिसत नाही, त्याला येत नाही. मीच बसलो. बाई माझ्या डाव्या बाजूला, आमच्या दोघांमध्ये त्यांची पर्स. तो मागे, आपल्या जागेवर. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. ती दोघं त्याच्या आईबद्दल बोलत होती आणि मी नुसता गाडी हाकत होतो. इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नाही. तेवढ्यात रस्त्यात खड्डा आला, गाडी उडाली आणि पर्स घसरली. माझा डावा हात आपोआप गेला आणि पर्स धरली. मग तो हात अकोल्यापर्यंत तिथंच राहिला.

मागून आवाज आला, "हां. आता सीट पक्की झाली, सर."

बाई त्यानंतर वर्षभर होत्या. तो गेल्या उन्हाळ्यात गेला, झोपेतच. पंधरा दिवसांनी त्याची मुलगी माझ्या दारात उभी राहिली. हातात फियाटची किल्ली होती आणि किल्लीला त्याच्या टेपचा एक तुकडा बांधला होता.

"काका, गाडी तुमाले द्याची, असं बाबानं सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "म्हने, थे सीट मोटार सरांच्या मापाची हाय, दुसऱ्या कोनाले होनार नाई."

आता मी कधीमधी ती काढतो. मागच्या सीटवर मी कोणाला बसू देत नाही, स्वतःही बसत नाही. पुढे बसलो की अंग डावीकडे कलतं आणि हात शेजारी जाऊन टेकतो. तिथं आता ना पेटी असते, ना पर्स. उभा जन्म मी मोटारी शिकवल्या, पण माझं माप घेऊन माझ्यासाठी कोणी काही केलं असेल, तर ते त्या शिंप्यानं. तेही मी त्याचं मोडल्यावर. मला हे जमलं नसतं. आणि खोटं कशाला बोलू, याचाही मला हेवाच वाटतो.